सगळी उत्तरे बरोबर, तरी नकार कसा?

यंत्रमागाच्या आपल्या गावांत गेल्या काही वर्षांत एक नवी गोष्ट दिसू लागली आहे. ज्या घरात ताणा, बाणा आणि ताका याखेरीज दुसरा विषय निघत नव्हता, त्या घरातली मुले संगणक अभियंते होऊ लागली आहेत. त्यासाठी कुणी दोन लूम विकले, कुणी बायकोचे दागिने मोडले, कुणी पेढीवरून उचल घेतली. मुलगा चार वर्षे शिकतो, पुण्याच्या किंवा बंगलोरच्या कंपनीकडे अर्ज करतो, मुलाखतीच्या फेऱ्या पार करतो, आणि मग एके दिवशी मोबाइलवर चार ओळींचे पत्र येते. वेळ दिल्याबद्दल आभार, परंतु आपली निवड करता येत नाही, पुढील वाटचालीस शुभेच्छा. कारण एका शब्दानेही दिलेले नसते.

आमच्या पेढीला वर्षानुवर्षे माल देणाऱ्या एका कारखानदाराच्या घरी गेल्या वर्षी हेच झाले. मुलाच्या मुलाखतीच्या पाच फेऱ्या झाल्या होत्या. प्रत्येक फेरीनंतर तो बापाला फोन करी आणि सांगे, की सवाल सुटला, प्रोग्राम चालला. बापाने चार नातेवाइकांना बातमी सांगूनही टाकली होती. नवव्या दिवशी नकार आला. त्या संध्याकाळी तो गृहस्थ आमच्याकडे आला, गादीवर बसला आणि म्हणाला, "भाईजान, तुम्ही चार बुके जास्त शिकलेले आहात, मला एवढेच सांगा. पेपर पूर्ण बरोबर सोडवला तर माणूस नापास कसा होतो? एक तर पोरगा खोटे बोलतो आहे, नाहीतर कंपनी." सोमवारपासून कारखान्यावर बस, असे त्याने मुलाला बजावूनही ठेवले होते. मुलगा दोन दिवस धड जेवला नव्हता.

आम्ही त्याच्याकडे पंधरा दिवसांची मुदत मागितली. आम्ही कापडाचे व्यापारी. संगणकात आमची मजल बिले काढण्यापलीकडे नाही. परंतु माल परत येणे म्हणजे काय, हे आम्हाला चांगले ठाऊक आहे. त्या मुलाला समोर बसवून, त्या धंद्यात दहा-बारा वर्षे असलेल्या दोन-तीन ओळखीच्या तरुणांना विचारून आणि या विषयावर छापून आलेले वाचून आम्हाला जे कळले ते येथे देत आहोत. ज्यांच्या घरात असा मुलगा अथवा मुलगी आहे त्यांनी ते सावकाश वाचावे.

परीक्षा नव्हे, तपासणी

बापाच्या प्रश्नातच चूक दडलेली आहे. तो मुलाखतीला 'पेपर' म्हणतो. बोर्डाच्या परीक्षेत ३५ गुण मिळाले की पास, आणि वर्गातली सगळी मुले पास झाली तरी बोर्डाचे काही बिघडत नाही. नोकरीच्या मुलाखतीत जागा मोजक्या असतात आणि गुणपत्रिका कुणाला दाखवली जात नाही. ती परीक्षा नसून तपासणी आहे. आपला ताका जसा व्यापारी उजेडाच्या टेबलावर पसरून बघतो, तशी.

साधारण रीत अशी असते. पहिली चाळणी ऑनलाइन चाचणीची. यासाठी हॅकररँकसारख्या सेवा वापरतात. मुलाने लिहिलेला प्रोग्राम यंत्र स्वतःच वेगवेगळे आकडे घालून चालवून बघते. येथे मात्र बापाचे म्हणणे खरे आहे. उत्तर बरोबर आले, वेळेत आले, की पुढे जायला मिळते. परंतु त्यानंतरच्या फेऱ्या माणसांच्या असतात. पाऊण तास ते तासभर एक अनुभवी अभियंता समोर बसतो, अथवा हल्ली व्हिडिओवर येतो. एक सवाल देतो आणि मुलगा तो कसा सोडवतो ते बघत राहतो. फेरी संपली की तो आपला अहवाल लिहितो. प्रश्न समजून घेतला का, मार्ग कसा शोधला, प्रोग्राम स्वच्छ लिहिला का, स्वतःची चूक स्वतः तपासली का, आणि समोरच्याला आपले म्हणणे समजावून सांगता आले का, असे त्याचे साधारण मथळे असतात. शेवटी 'घ्यावे' की 'घेऊ नये' हे लिहावे लागते.

गूगल कंपनीत तर निर्णय मुलाखत घेणाऱ्यांच्या हातातही ठेवलेला नाही. त्यांचे लेखी अहवाल एका समितीपुढे जातात आणि मुलाला कधी न पाहिलेली माणसे ते वाचून ठरवतात. त्या कंपनीचे मनुष्यबळ खाते तेव्हा सांभाळणारे लॅझ्लो बॉक यांनी २०१५ मध्ये आपल्या पुस्तकात हे सविस्तर लिहिले आहे. म्हणजे मुलाने पाऊण तासात काय केले यापेक्षा त्याबद्दल कागदावर काय उतरले, यावर सगळे ठरते. जे कागदावर आले नाही ते झालेच नाही असे धरावे.

आता मुख्य मुद्दा. मुलाखत घेणाऱ्याला त्या सवालाचे उत्तर आधीच ठाऊक असते. ते त्याला विकत घ्यायचे नसते. उद्यापासून हा मुलगा आपल्या शेजारी बसून, ज्यांची उत्तरे कुणालाच ठाऊक नाहीत असे सवाल कसे सोडवील, याचा त्याला अंदाज घ्यायचा असतो. व्यापारी नमुन्याचा अर्धा मीटर तुकडा बघतो तो त्या तुकड्यासाठी नव्हे. त्यामागे येणाऱ्या शंभर ताक्यांसाठी बघतो.

दोन बिले आणि एक चेक

त्या मुलाला पहिल्या तांत्रिक फेरीत कोणता सवाल आला होता, असे आम्ही विचारले. त्याने सांगितला तेव्हा आम्हाला हसू आले, कारण हा सवाल आमच्या पेढीवर दर आठवड्याला येतो. आकड्यांची एक यादी दिलेली आहे; त्यातल्या कोणत्या दोन आकड्यांची बेरीज अमुक होते ते शोधा. एखाद्या पार्टीने चेक पाठवला आणि तो कोणत्या दोन बिलांचा आहे ते कळवलेच नाही, तर आमचे मुनीमजी हेच करत बसतात. लीटकोड नावाची सरावाची जी जागा या मुलांमध्ये प्रसिद्ध आहे, तेथे तर हा अगदी पहिल्या क्रमांकाचा सवाल आहे.

वाचकांनी कागद-पेन्सिल घेऊन बसावे. पार्टीची बाकी बिले अशी आहेत : ३,२००, ५,७५०, १,८५०, ४,४०० आणि २,६५०. चेक आला आहे ८,४०० रुपयांचा.

भोळी रीत म्हणजे प्रत्येक बिलाची दुसऱ्या प्रत्येक बिलाशी बेरीज करून बघणे. पाच बिले असतील तर दहा जोड्या होतात, चहा संपायच्या आत काम होते. परंतु हजार बिले असतील तर ४,९९,५०० जोड्या होतात. दहा हजार बिले असतील तर जवळजवळ पाच कोटी. बिले दहापट झाली की काम शंभरपट वाढते, हे येथे ध्यानात घ्यायचे आहे. बँकेत अथवा मोठ्या दुकानदारीत लाखो नोंदी असतात, तेथे ही रीत बसते.

शहाणी रीत अशी. एक कोरी वही घ्या. पहिले बिल ३,२००; ८,४०० पुरे व्हायला ५,२०० हवेत. वहीत ५,२०० आहे का? नाही. मग ३,२०० वहीत लिहा. पुढचे ५,७५०, हवेत २,६५०. वहीत अजून नाही, ५,७५० लिहा. १,८५० ला ६,५५० हवेत, नाही, लिहा. ४,४०० ला ४,००० हवेत, नाही, लिहा. शेवटचे २,६५०, हवेत ५,७५०. वहीत आहे! जोडी सापडली. यादीवरून फक्त एकदा बोट फिरवावे लागले. हजार बिलांना फार तर हजार वेळा वही बघायची. अट एवढीच, की वहीत आकडा आहे की नाही ते पाने न चाळता, खतावणीच्या अनुक्रमणिकेप्रमाणे, झटकन कळले पाहिजे. संगणकात अशी वही असते, तिला हॅश टेबल म्हणतात. त्याची किंमत म्हणजे वहीला जागा लागते. वेळ वाचवायचा तर जागा खर्च होते; हा सौदा आहे आणि तो सौदा समजून केला की पाठ म्हणून केला, हे मुलाखत घेणारा बघतो.

मुलाने ही शहाणी रीत लिहिली होती. सहा मिनिटांत. प्रोग्राम चालला, उत्तर बरोबर आले. तो म्हणाला, "चाचा, यात काय कमी होते?"

आम्ही त्याला आमच्या मुनीमजींकडे नेले. मुनीमजी आठवीपर्यंत शिकलेले आहेत. त्यांच्यासमोर हाच सवाल ठेवला. त्यांनी पेन्सिल उचलण्याआधीच विचारले, "चेक दोनच बिलांचा आहे हे नक्की का? तीनचा असला तर? परत आलेला माल वजा धरला आहे का? एकाच रकमेची दोन बिले आहेत का? आणि कुठलीच जोडी जुळली नाही तर पार्टीला फोन करायचा की रक्कम खात्यावर जमा ठेवायची?" मुलगा त्यांच्याकडे बघतच राहिला. यातला एकही प्रश्न त्याने मुलाखतीत विचारला नव्हता.

हे प्रश्न म्हणजे बाष्कळ चौकशी नव्हे. प्रत्येकाने प्रोग्राम बदलतो. समजा चेक ८,८०० चा आहे आणि ४,४०० चे बिल एकच आहे. सगळी बिले आधीच वहीत उतरवून मग शोधायला बसलो तर ४,४०० ला ४,४०० हवेत, वहीत ते सापडते, आणि एकच बिल दोनदा वसूल झालेले दिसते! म्हणून आधी वही बघायची आणि नंतरच त्यात लिहायचे, हा क्रम मोडता कामा नये. दुसरे असे, की चेकपेक्षा मोठी बिले आधीच बाजूला काढली तर काम हलके होईल, असे कुणालाही वाटेल. परंतु ९,००० चे बिल असेल आणि ६०० चा माल परत आला असेल, तर ९,००० वजा ६०० म्हणजे नेमके ८,४०० होतात. मोठे बिल बाजूला काढणारा ही जोडी कायमची हरवून बसतो. मुलाच्या प्रोग्राममध्ये क्रम बरोबर होता. तो तसाच का ठेवला, असे आम्ही विचारले तेव्हा त्याला सांगता येईना. ते उत्तर त्याने पाठ केले होते, तीनशे सवालांबरोबर.

सहा मिनिटांत, तोंडातून शब्द न काढता, बिनचूक लिहिलेले उत्तर. बापाला ते शंभर टक्के वाटते. समोरच्या अभियंत्याला त्यात फक्त एवढे दिसते, की हा सवाल मुलाने आधी पाहिलेला आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून हा संशय आणखी वाढला आहे, कारण व्हिडिओवरच्या मुलाखतीत दुसऱ्या पडद्यावरून उत्तर उतरवणारे उमेदवार निघू लागले. प्रामाणिक पण गप्प बसणारा मुलगा आणि नक्कल करणारा मुलगा, हे दोघे समोरच्याला सारखेच दिसतात.

मुलगा गप्प का बसला?

हे आम्ही खोदून विचारले. त्याने आधी टाळले, मग सांगितले. त्याची दहावी उर्दू माध्यमात झालेली. डोक्यात विचार उर्दूत येतो, तो इंग्रजीत उतरवेपर्यंत पुढचा विचार निघून जातो. म्हणून त्याने ठरवले होते, की बोलायचे कमी आणि उत्तर बिनचूक द्यायचे. आमचेही शिक्षण उर्दू माध्यमातले आहे. मुंबईच्या मिल एजंटाच्या केबिनमध्ये पहिल्या वर्षी आम्ही हेच केले होते, आणि भाव ठरवण्याची वेळ आली तेव्हा मान हलवून घरी आलो होतो. मराठी माध्यमातल्या मुलांचीही हीच कथा असते, हे आम्ही पाहिले आहे.

यात भाषेचा दोष निम्मा आहे, निम्मा दोष कुणी समोर बसून बघत असण्याचा आहे. २०२० मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटी आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या संशोधकांनी याचा प्रयोग करून पाहिला. ४८ विद्यार्थी घेतले. निम्म्यांनी मुलाखतकारासमोर, मोठ्याने विचार सांगत, फळ्यावर सवाल सोडवायचा. निम्म्यांनी तोच सवाल बंद खोलीत एकट्याने. ज्यांच्यावर नजर होती त्यांची कामगिरी एकट्याने सोडवणाऱ्यांच्या जवळजवळ निम्मी भरली. मुलींबाबत तर फरक फारच मोठा निघाला. नजरेखाली सोडवणाऱ्या एकाही मुलीला सवाल सुटला नाही, आणि एकट्याने सोडवणाऱ्या सगळ्यांना सुटला. प्रयोग लहान आहे, त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. परंतु ज्या बापांना वाटते की आपली मुलगी घरी तर सगळे सवाल सोडवते, मग तिकडे तिला काय होते, त्यांनी हे मनात ठेवावे. अक्कल तीच असते. चार डोळ्यांसमोर ती वापरण्याची सवय नसते, आणि ती सवय लावता येते.

चांगला ताकाही परत जातो

आता जे आम्ही बापाला सगळ्यात आधी सांगितले ते येथे उशिरा लिहीत आहोत, कारण ते आधी लिहिले असते तर पुढचे कुणी वाचले नसते. ते असे, की मुलाची काही चूक नसतानाही नकार येऊ शकतो, आणि तसा तो पुष्कळदा येतो.

आपल्या धंद्यातला कसलेला खरेदीदार काय म्हणतो? चांगले दोन ताके परत गेले तरी चालतील, पण डागी ताका दुकानात येता कामा नये. परत गेलेल्या चांगल्या ताक्याचे नुकसान त्याचे नसते, विणणाऱ्याचे असते. आत आलेल्या डागी ताक्याचे नुकसान मात्र त्याच्याच माथी बसते. न्यूयॉर्कमध्ये सॉफ्टवेअर कंपनी चालवलेले जोएल स्पोल्स्की यांनी २००० साली मुलाखत कशी घ्यावी यावर एक लेख लिहिला, तो या धंद्यात फार वाचला गेला. त्यांचे सांगणे हेच होते : मनात जराही शंका असेल तर नकार द्या, चुकीचा माणूस घेण्यापेक्षा चांगला माणूस सुटलेला परवडला. म्हणजे 'बरा वाटतो' याचा अर्थ तेथे 'नको' असा होतो. पाचपैकी चौघांनी 'घ्यावे' लिहिले आणि पाचव्याने 'खात्री नाही' असे लिहिले, तरी माल परत जाऊ शकतो.

मॅक्स हॉवेल या प्रोग्रामरचे उदाहरण या लोकांत अजून सांगितले जाते. ॲपलच्या संगणकावर इतर प्रोग्राम सहज बसवता यावेत म्हणून त्याने २००९ मध्ये होमब्रू नावाचे साधन बनवले, आणि जगभरचे अभियंते ते वापरू लागले. २०१५ मध्ये गूगलने त्याला मुलाखतीनंतर नाकारले. त्याने जाहीरपणे चिडून लिहिले, की तुमचे अभियंते माझे साधन वापरतात, पण फळ्यावर बायनरी ट्री उलटवता आला नाही म्हणून मी नको! बायनरी ट्री म्हणजे एक प्रकारचा शजरा समजा, ज्यात प्रत्येकाखाली जास्तीत जास्त दोनच नावे असतात. तो उलटवायचा म्हणजे प्रत्येक ठिकाणी डावे नाव उजवीकडे आणि उजवे डावीकडे करायचे. सवाल शिकाऊ मुलाचा आहे. पुढे त्याने स्वतःच कबूल केले, की संगणकशास्त्राचे पुस्तकी ज्ञान आपल्याकडे कमी आहे, आणि तरीही आपण कामाची वस्तू बनवतो. आमच्या मते दोन्ही बाजूंचे खरे आहे. खरेदीदाराला एका जातीचा माल हवा होता, याचा माल दुसऱ्या जातीचा होता.

आणि ज्या व्हॉट्सॲपवर आपण रोज भाव पाठवतो, ते बनवणाऱ्या दोघांपैकी ब्रायन ॲक्टन याला २००९ मध्ये ट्विटर आणि फेसबुक या दोन्ही कंपन्यांनी नोकरी नाकारली होती. त्याच फेसबुकने २०१४ मध्ये व्हॉट्सॲप सुमारे १९ अब्ज डॉलरना घेण्याचा करार केला. ही गोष्ट तरुणांना फार सांगितली जाते. आम्ही ती बेताने सांगतो, कारण नाकारलेल्या हजारोंतला असा एखादाच असतो. तिच्यातून एवढेच घ्यावे, की पारख करणारा मोठा असला तरी चुकतो.

शिवाय मालाशी संबंध नसलेली कारणे असतातच. जागा एकच होती आणि आधीच्या उमेदवाराने होकार दिला. कंपनीला आठ वर्षांच्या अनुभवाचा माणूस हवा होता, मुलगा दोन वर्षांचा निघाला. भरतीच बंद झाली. मेटा कंपनीने नोव्हेंबर २०२२ मध्ये सुमारे ११,००० आणि गूगलने जानेवारी २०२३ मध्ये सुमारे १२,००० माणसे कमी करण्याचे जाहीर केले. त्या दिवसांत ज्यांच्या मुलाखती चालू होत्या त्यांनी कितीही छान उत्तरे दिली असती तरी काय उपयोग होता? कॉइनबेस या अमेरिकन कंपनीने तर जून २०२२ मध्ये उमेदवारांनी स्वीकारलेली नेमणूकपत्रेसुद्धा मागे घेतली. बाजार मंद असताना आपण नाही का माल न बघताच 'पुढच्या महिन्यात या' म्हणत?

मग कारण का सांगत नाहीत? सांगितले की वाद सुरू होतो, कोर्टकचेरीची भीती असते, आणि सवाल बाहेर फुटतात. म्हणून सगळ्यांना एकच छापील पत्र. त्यातल्या शब्दांचा कीस काढत रात्र जागवण्यात अर्थ नाही.

नावाचा प्रश्न

बापाने दुसऱ्या भेटीत आवाज खाली आणून विचारले, "भाईजान, नावामुळे तर नसेल?" हा प्रश्न टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आम्हाला माहीत आहे. त्यांनी वर्तमानपत्रांतील खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे पण वेगवेगळ्या नावांचे अर्ज पाठवून पाहिले. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत मुस्लिम नावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता बरीच कमी निघाली. तेव्हा असे काही नसतेच, असे म्हणणारा खोटे बोलतो.

परंतु तो अभ्यास दारात घेण्याचा होता, आतल्या तपासणीचा नव्हता. या मुलाला बोलावले गेले होते, पाच जणांनी आपला वेळ दिला होता. एका नकारावरून नाव की काम, हे कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून आम्ही त्याला व्यापाऱ्याची रीत सांगितली : वही ठेव. दहा-पंधरा अर्ज कुठे कुठे अडकतात ते लिही. चांगले गुण असून बोलावणेच येत नसेल, तर दाराशी काहीतरी आहे. मग ओळखीतून, आधीच आत असलेल्या माणसाच्या शिफारशीने अर्ज जाऊ दे. बोलावणे येते, ऑनलाइन चाचणी निघते आणि माणसांच्या फेरीत गाडी थांबते, असे तीनदा दिसले तर मुलाखतीच्या पद्धतीवर काम कर. या मुलाची वही आता सात अर्जांची झाली आहे. त्यात चार बोलावणी आहेत आणि चारही वेळा गाडी एकाच स्टेशनवर थांबली आहे.

सराव कसा चालला आहे

सोमवारपासून कारखाना, हा बापाचा हुकूम पूर्ण मागे घेतला गेलेला नाही. सकाळी मुलगा कारखान्यावर बसतो, बिले आणि जीएसटीचे काम बघतो. दुपारनंतर सराव. तीनशे सवाल पाठ करण्याऐवजी दिवसाला एकच सवाल, पण तोंडाने. मोबाइलवर स्वतःचे बोलणे रेकॉर्ड करायचे आणि रात्री ऐकायचे. पहिल्या आठवड्यात त्यात बोलण्यापेक्षा शांतताच जास्त होती. सवाल ऐकल्यावर आधी तो आपल्या शब्दांत परत सांगायचा, मग दोन-तीन प्रश्न विचारायचे, मग भोळी रीत सांगायची आणि ती का नको ते सांगायचे, त्यानंतरच लिहायला घ्यायचे. लिहून झाल्यावर "झाले" म्हणायचे नाही. रिकामी यादी, एकच आकडा, वजा आकडा, असे तीन-चार नमुने स्वतः घालून बघायचे. इंग्रजी साधे, मोडके चालेल. "मला एक मिनिट विचार करू द्या" हे वाक्य मात्र बिनदिक्कत वापरायचे. अडलो तर कुठे अडलो ते सांगायचे, कारण मुलाखत घेणारा बहुधा हात द्यायला तयार असतो, पण गप्प माणसाला हात द्यायचा कुठे हे त्याला कळत नाही.

मुलाखत संपल्यावर तासाभरात सगळे लिहून ठेवायचे : सवाल काय होता, समोरचा कुठे थांबला, कोणता प्रश्न त्याने दोनदा विचारला. तो दोनदा विचारतो तेथेच बहुधा खोट असते. त्या पाचव्या फेरीतल्या गृहस्थाने "ही यादी फार मोठी असती तर?" असे दोनदा विचारले होते, हे मुलाला महिनाभराने आठवले. वही ठेवायलाच जागा पुरणार नाही इतकी यादी मोठी असती, तर आकडे चढत्या क्रमाने लावून दोन्ही टोकांना एकेक बोट ठेवता येते. बेरीज कमी भरली तर डावे बोट पुढे, जास्त भरली तर उजवे मागे. त्याला हे येत होते. विचारणारा तिकडेच नेत आहे, हे त्याला कळले नव्हते.

नकार आल्यावर कंपनीच्या भरती विभागाला दोन ओळींचे आभाराचे पत्र पाठवावे आणि पुन्हा अर्ज केव्हा करता येईल ते विचारावे. पुष्कळ कंपन्या सहा महिने ते वर्षभरानंतर पुन्हा घेतात. भांडणाचे पत्र पाठवू नये. ज्या पार्टीने माल परत केला तिच्याशी आपण व्यवहार तोडतो का?

दर रविवारी दुपारी मुलगा आमच्या पेढीवर येतो आणि आम्ही मुलाखतकार होतो. आम्हाला त्याचा प्रोग्राम कळत नाही, आम्ही फक्त "का?" आणि "तसे नसेल तर?" एवढेच विचारतो. पुढच्या महिन्यात त्याच्या दोन ठिकाणी फेऱ्या आहेत. गेल्या रविवारी सुरतेच्या एका पार्टीचा चेक आला होता, कोणत्या बिलांचा ते लिहिलेले नव्हते, तेव्हा आम्ही तोच सवाल त्याच्यापुढे टाकला. बापही कोपऱ्यात बसला होता. मुलाने बिलांची यादी हातात घेतली, पेन बाजूला ठेवले आणि विचारले, "चाचा, परत आलेला माल यातून वजा केलेला आहे का?" आम्ही मुनीमजींकडे पाहिले. मुनीमजी चष्मा लावून उठले आणि मागची वही काढायला गेले.